डावखुरा फौजदार

तंबूच्या दारात त्याचा धक्का लागला आणि माझे फुटाणे सांडले. "अगं बाई!" म्हणत मी वर पाहिलं, तर गिरणीतला फिटर कल्लप्पा… कानापर्यंत लाल झालेला. पुढच्या शनिवारी त्यानं दुप्पट फुटाणे आणले. मग दर शनिवारी आणायचा. फुटाण्यांचं आपलं निमित्त!

सोलापुरात तेव्हा मुकी चित्रं तंबूत लागायची. पुरुष पडद्यापुढं, आम्ही बायका पडद्यामागं. कापडावर पाणी मारलेलं असायचं, त्यातून सगळं लख्ख दिसायचं. इंग्रजी अक्षरं कुठूनही बघा, आम्हांला मेली सारखीच!

त्या शनिवारी घोडेवाल्या गोऱ्यांचं चित्र होतं. धूळ, गोळीबार आणि वर एक खून. माणसं फिरकली नाहीत, तीन दिवसांत उतरलं. मला मात्र लई आवडलं. खुनी निघाला खुद्द फौजदार!

"म्या आदीच वळखलं," बाहेर आल्यावर मी म्हटलं. "गोळी डाव्या हातानं झाडली. फौजदाराची चिलीमबी डाव्याच हातात."

"डाव्या? उजव्या, महानंदा! चित्र बगत व्हतीस… का मला हुडकत व्हतीस?"

"तुला हुडकायला येड लागलंय व्हय मला? डावाच!"

"उजवा गं. सोमवारी तुज्या आप्पांना भेटाय येतोय. आता तरी चुकले म्हण की."

"माजे डोळे काय फुटलेत?"

त्याचं हसू मावळलं. "म्हंजी… मी खोटा?"

तिथं गप्प बसायला हवं होतं मी. पण माझी जीभ कुठली ऐकते!

"व्हय," म्हटलं.

सोमवारी इरकल नेसून दिवसभर दाराशी बसले. तो आला नाही. मीही निरोप धाडला नाही, केवढा तो ताठा माझा! महिन्यानं कळलं, कुर्डुवाडीच्या कारखान्यात लागला. वर्षानं मला होटगीला दिलं.

सहा वर्षांनी ह्यांनी थेटरात नेलं. आता बायकांनाही पडद्यापुढं बाकं होती. तेच जुनं चित्र, तुटक तुटक चाललेलं. फौजदारानं बंदूक उचलली — उजव्या हातानं!

मी डोळे चोळले. चिलीमही उजव्याच हातात. मग उमगलं… पडद्यामागं बसणाऱ्याला सगळं उलटंच दिसणार की! कल्लप्पा खोटं बोलला नव्हता. मीही नव्हते. नुसतं त्याच्या बाजूला जाऊन बघायचं होतं रे देवा…

पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

"भ्यालीस व्हय?" ह्यांनी हळूच विचारलं.

"व्हय," म्हटलं.