ड वर्गातल्या फाइली

सिडकोतल्या त्या फ्लॅटची बेल वाजली तेव्हा मनस्विनीचे दोन्ही हात ओले होते. आठवड्यानं नळाला पाणी आलेलं, अशा वेळी कोण येतं हो दारात? खांद्याला सॅक लावलेला एक उंच, सावळा मुलगा उभा होता. आतल्या बादल्यांकडं बघून म्हणाला, "आधी पाणी भरून घ्या. कॉम्प्युटर काय पळून जात नाय."

हा सार्थक. मूळचा कन्नड तालुक्यातला, औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीला. भरलेल्या बादल्या त्यानंच आत नेऊन ठेवल्या, मग कामाला बसला. मनस्विनी घरबसल्या शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून द्यायची, आणि कॉम्प्युटर ऐन कामात ढिम्म व्हायचा. माउससुद्धा हलायचा नाही.

"विंडोजच्याच फाइली गायब हायेत," तो म्हणाला.

"कुठं गेल्या असतील?"

"त्योच तर शोध लावायचाय." आणि असं काही हसला, की तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

सीडी घालून त्यानं फाइली परत बसवल्या. तिनं पाणी आणलं. त्या वर्षी दुष्काळ असा, की पाहुण्याला घरोघरी अर्धाच पेला मिळायचा. लागलं तर मागून घ्यायचं. त्याला मात्र तिनं काठोकाठ भरून दिला. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्यानं पेल्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि थेंबही न सांडता तो रिकामा केला.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर पुन्हा अडला. मग पुन्हा.

"व्हायरस असेल का?" ती विचारायची.

"लई शिस्तीचा व्हायरस दिसतो," तो मान न वळवता म्हणायचा, "फक्त रविवारी खातो."

आता मनस्विनीपुढं दोन कोडी होती. फाइली कोण नेतंय, आणि हा माणूस गेला की घर इतकं गप्प का होतं?

पहिलं कोडं रविवारी सुटलं. चहा घेऊन आली, तर कॉम्प्युटरसमोर बाबा. श्रीनिवासराव, सरकारी कचेरीतल्या जुन्या दप्तराच्या खोलीतून निवृत्त झालेले. मन लावून एकेक फाइल उडवत होते.

"बाबा, हे काय?"

"अगं, दोन हजार चारपासून कुणी हात लावला नाही यांना. अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्ग वर्षभरानं नष्ट करायचा. घरचं दप्तर म्हणून नियम बदलतो होय?"

हसावं की रडावं, तिला कळेना. त्यांना तिथंच अडवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण प्रश्न मिटला की सार्थक कशाला येईल? ती गप्प बसली आणि सोमवारी दुकानात फोन केला.

या खेपेला तो हसला नाही.

"साहेबराव मालक म्हणले, या घरची तक्रार परत आली तर दुसरं काम बघ. मला दुरुस्तीच येत नाय म्हणत्यात."

आपल्या हौसेपायी याच्या पोटावर पाय? तिनं डोळे मिटून बोलून टाकलं.

"फाइली बाबा काढतात. मला काल कळलं... मी अडवलं नाही त्यांना."

"का?"

"अडवलं असतं तर — तुम्ही आला नसता."

त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"मला दुसऱ्याच खेपेला कळलं व्हतं. समद्या फाइली रिसायकल बिनमधी पडलेल्या, रविवार सकाळच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर मला तरी यायला काय कारण उरलं असतं?"

"नोकरी गेली असती ना, वेड्या माणसा." ती ओरडलीच. रागानं की कशानं, कोण जाणे.

"सगळं शहर अर्धा पेला देतंय. तुम्ही भरून दिला... तिथंच अडकलो बघा."

मग तो उठून थेट श्रीनिवासरावांपुढं उभा राहिला. "काका, विंडोजच्या फाइली अ वर्गात घ्या. कायमच्या."

"असं आधी सांगायचं ना," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

मनस्विनीनं सार्थकसमोरच दुकानात फोन लावला. चूक आमच्या घरची, तुमचा माणूस पक्का आहे, असं तिनं मालकांना ठणकावून सांगितलं. मग पाणी घेऊन आली.

सार्थकनं पेल्यात डोकावून पाहिलं. "आज अर्धाच?"

"उरलेला रविवारी प्यायला या," ती म्हणाली. "कॉम्प्युटर बरा असला तरी."