नंदीचा सोमवार

"किल्ली दे!"

शंकरप्पानं हात पुढं केला, आणि अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांनी चमकून त्याच्याकडं पाहिलं... अठ्ठावीस वर्षांत त्यानं थोरल्या भावाकडं कधी असं तोडून मागितलं नव्हतं. ज्या भावानं सातवीत शाळा सोडून त्याला बी. कॉम.पर्यंत शिकवलं, ज्याला तो कालपरवापर्यंत 'अण्णा, तुमी' म्हणत होता, त्या निंगप्पापुढं आज तो सावकारासारखा उभा होता!

निंगप्पाच्या कपाळावर नुकतीच लावलेली विभूती ओली होती. हातात तेलाचा बुधला, खांद्यावर चिंधी. सोमवार होता ना! या घरात सोमवारी गाडी हलत नसे. वडील महादेवप्पा हयात असताना दारात बैलजोडी होती. सोमवार हा नंदीचा वार, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही घराण्याची पिढीजात रीत. पुढं बैल विकून त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली हिरवी पिकअप आणली, तेव्हा तिच्या कपाळावरही पेंटरकडून 'नंदी' असं लिहून घेतलं आणि सोमवारची सुट्टी तिलाही लागू केली. सोलापूरच्या अडत बाजारात यावर चिक्कार हसून झालं होतं. पण हसणारेच चहाच्या टपरीवर कुणाची गाडी किती भरवशाची हा वाद रंगला, की शेवटी मान डोलवायचे. कुणी आपल्या तीनचाकी टेंपोचे गोडवे गाई, कुणी जुन्या जीपचे... आणि मग एखादा म्हणे, "ते सगळं खरं. पण एकोणीस वर्षांत नंदी रस्त्यात उभा राहिलेला कुणी पाहिलाय का?"

"शंकर, आज सोमवार हाय बाबा," निंगप्पा हलक्या आवाजात म्हणाला.

"सोमवार, सोमवार! अडत्यानं दर सोमवारी मंगळवेढ्याहून ज्वारी आणायचं काम देऊ केलं, ते तू परस्पर नाकारलंस! बाजारात लोक मला विचारतात, तुमच्या टेंपोला उपास असतो का? ते लोखंड हाय अण्णा, बैल न्हाय! तुझ्या या अडाणीपणापायी घर मागं राहिलं!"

"मी पूजा करतोय हितं, असं वाटतं व्हय तुला? आरं, त्या डाव्या चाकाचं..."

"ती पोथी मला वाचून दाखवू नको! विभूती लावायची, चिंधीनं पुसायचं, तासन्‌तास त्याच्या पोटाखाली लोळायचं... धंदा असा होत नसतो. नंदी तुला एवढा लाडका असेल तर त्याचा फोटो घे आणि जा कुठंतरी!"

ईरम्मा, दोघांची आई, दारातून धावत आली. "शंकरा, काय बोलतोस रे!" पण शब्द सुटला होता. निंगप्पानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा धाकट्याच्या बायकोच्या, महानंदाच्या कडेवरच्या आठ महिन्यांच्या पोराकडं पाहिलं, आणि किल्ली भावाच्या तळहातावर ठेवली. भांडला असता तर घराचे दोन तुकडे झाले असते. त्यापेक्षा आपणच बाहेर पडलेलं बरं, असं त्या भोळ्या जीवाला वाटलं. संध्याकाळच्या एस. टी.नं तो बायकोला, रत्नम्माला घेऊन तिच्या माहेरी मंगळवेढ्याला गेला.

आता एक गोष्ट, जी रत्नम्माखेरीज घरात कुणालाच ठाऊक नव्हती! नंदीच्या डाव्या पुढच्या चाकात नट जागेवर धरून ठेवणारं एक लॉक असतं, ते कधीच झिजून गेलं होतं आणि तसलं नवं कुठं मिळत नव्हतं. निंगप्पा पत्र्याच्या डब्यातून हातानं तसं लॉक कापायचा, बसवायचा. ओझ्याखाली ते दोन आठवड्यांत झिजे; म्हणून तो दर सोमवारी चाक उचलून नवं घाली, सांधा न् सांधा ग्रीसनं भरी, ब्रेक तपासी. एकोणीस वर्षं! आई म्हणे, निंगा पूजेला बसलाय. त्यानंही कधी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही... सेवा केलेली बोलून दाखवायची नसते, असं वडील सांगून गेले होते, आणि हा एवढा शहाणा की त्यानं ते अक्षरशः पाळलं. लोक गाडीची वाहवा करत तेव्हा तो बाजूला उभा राहून खुशीनं हसायचा.

मंगळवेढ्यात त्याला चैन पडेना. सासरे भले माणूस, विहिरींवरच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं, पोटाला कमी नव्हतं. पण रस्त्यानं गाडी गेली की हातातला पाना थांबे. जेवताना घास तोंडाशी नेऊन तो उठे आणि दारात जाऊन उभा राही. त्यानं एका ड्रायव्हरबरोबर शंकरप्पाला निरोप धाडला होता की, डावं चाक बघून घे. उत्तर आलं होतं, "अण्णाला म्हणावं, कुरापती बंद कर."

"अवो, त्यानं हाकललंय तुमाला," रत्नम्मा डोळे पुसत म्हणाली. "बंद पडू दे की गाडी एकदा. कळंल त्याला तुमची किंमत."

"बंद पडली तर बरं गं... चाक निखळलं तर?"

डब्याच्या पत्र्याचा एक तुकडा मग रत्नम्मानंच शोधून त्याच्यापुढं ठेवला.

अडत्याचं काम शंकरप्पानं घेतलं होतं; सोमवारी नंदी ज्वारी भरायला मंगळवेढ्याच्या वखारीवर आला. शंकरप्पा खानावळीत जेवायला, पेपर वाचायला गेला की तास दीड तास येत नसे. तेवढ्या वेळात निंगप्पा मागच्या बाजूनं आला, हमालांच्या मुकादमापुढं, जोतीरामपुढं हात जोडून उभा राहिला. जोतीराम ताडकन म्हणाला, "हात नगा जोडू अण्णा, लाजवता व्हय? पोरांनो, आदी चाक, मग पोती!" आणि निंगप्पा चोरासारखा आपल्याच गाडीखाली शिरला...

असे सोमवारांमागून सोमवार गेले. आणि दैव कसं उफराटं पाहा! गाडी बिघडेना, म्हणून शंकरप्पाची छाती फुगत चालली. तो वखारीतच मोठ्यानं सांगे, "अण्णाची सोमवारची अंधश्रद्धा! दोन महिने झाले, सुट्टी न्हाय, पूजा न्हाय. काय बिघडलं? गाडीच मुळात भरवशाची हाय!" जोतीराम ते निंगप्पाला सांगे, शिव्या देत सांगे. निंगप्पाच्या काळजात कुणीतरी पळी तापवून टेकवल्यासारखं होई. आपण हात आखडला तर आपण खरे ठरतो. आपण हात लावतोय म्हणूनच आपण अडाणी ठरतोय! कधी कधी त्याच्या मनात पाप येई... एक सोमवार चुकवावा, एकच. मग त्या पापाच्या भयानं तो पुढच्या सोमवारी तासभर आधीच वखारीवर येऊन बसे.

आणि एका सोमवारी नंदी आलाच नाही. पुढच्याही सोमवारी नाही. तिसऱ्या सोमवारी निंगप्पा वखारीसमोर उन्हात येरझारा घालत राहिला, सोलापूरच्या रस्त्याकडं पाहून त्याचे डोळे दुखू लागले. त्या गुरुवारी जोतीराम खबर घेऊन घरी आला.

"इकडची ज्वारी संपली अण्णा. आता ते करकंबला जातंय, गूळ आणायला. रोज खेप हाय म्हणं. आन् येत्या रविवारी बायकू-पोराला गाडीत घालून सासुरवाडीला, केमला जाणार हाय."

शेवटचं लॉक घातलेल्या सोमवारपासून त्या रविवारपर्यंत किती दिवस होतात हे निंगप्पानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं... लगेच निघतो म्हणून तो उठला. पण पाय दाराशी अडखळले. काय तोंडानं जायचं? पुन्हा सगळ्यांदेखत हाकललं तर? शुक्रवार या विचारात गेला, शनिवारही गेला. रविवारी उजाडताच तो अंगातल्या मळक्या सदऱ्यानिशी, अनवाणीच स्टँडवर धावला.

एस. टी. दर थांब्यावर थांबत होती. कुणाच्या कोंबड्या, कुणाची गाठोडी, कंडक्टरचा हिशेब! निंगप्पा सीटवरून उठे, खिडकीतून वाकून पाही, पुन्हा बसे. "आवो पावणं, उठून गाडी लवकर पोचत न्हाय," शेजारचा म्हातारा म्हणाला. त्याला कसं सांगावं की केमच्या रस्त्यावर एक लेकरू आईच्या मांडीवर असेल, आणि चाक... हे शिवा, ते चाक!

सोलापुरात तुळजापूर वेशीजवळच्या त्यांच्या गल्लीत तो धापा टाकत शिरला तेव्हा नंदी सुरू झालेला होता. महानंदा पोराला घेऊन पुढं बसली होती, ईरम्मा शिदोरी आत देत होती. निंगप्पा सरळ बॉनेटसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"गाडी हलवू नको, शंकर!"

शंकरप्पा संतापानं खाली उतरला. "शुभ कामाला निघालो तर आडवा आलास? अजून जळतोयस माज्यावर?"

"मला मार. शिव्या दे. पन लेकराला खाली उतरव! एवढं चाक बगू दे, मग मी चाललो, पुन्ना तोंड दावणार न्हाय!"

"काय झालंय चाकाला? तीन महिने पळतंय!"

"पळंल कसं? सत्तावीस दिस झाले लॉक घातल्याला! दोन आठवड्याच्या वर टिकत न्हाय ते! मी वखारीवर शेवटचं घातलं तवाच..."

बोलता बोलता निंगप्पानं जीभ चावली. पण उशीर झाला होता. शंकरप्पा त्याच्याकडं टक लावून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा संताप हळूहळू ओसरत चालला होता.

"वखारीवर? सत्तावीस दिवस? ...तुमाला घर सोडून तीन महिने झाले, अण्णा."

निंगप्पानं पोराला महानंदाच्या हातून उतरवून आईकडं दिलं, जॅक लावला, चाक उचललं आणि वरखाली धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं डगडगलं. झाकण काढलं, तर पत्र्याचा चुरा भावाच्या बुटांवर सांडला आणि नट नुसता बोटानं फिरला. शेवटच्या दोन आट्यांवर होता तो! महानंदानं तोंडावर पदर दाबला.

"आजवर... दर सोमवारी... मी जेवायला गेलो की?" शंकरप्पा बुटांवरचा चुरा पाहत म्हणाला. "आणि मी... तिथंच, त्याच वखारीत तुमाला अडाणी म्हणत होतो! सांगितलं का न्हाय हो? एकदा तरी?"

"सांगितलं की. तू ऐकलं न्हाईस." निंगप्पा पहिल्यांदाच थोडा कडक बोलला, आणि लगेच त्याला वाईट वाटलं. "जाऊ दे. घाईत हुतास तू."

त्यानं खिशातून नवं लॉक काढलं, बसवलं, नट आवळला. मग खालचे सांधे पाहायला म्हणून तो घाईघाईनं गाडीखाली सरकला. खरं कारण एवढंच होतं की त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चारचौघांत थोरल्यानं रडू नये! वर नंदीचं काळं पोट होतं. तिथं त्याला संकोच नव्हता.

इतक्यात शेजारी खुडबुड झाली. पांढऱ्या शर्टाची, कडक इस्त्रीची पर्वा न करता शंकरप्पा आडवा होऊन आत येत होता. तो अण्णाच्या कुशीला लागून पडला, लहानपणी पडायचा तसा, आणि त्याच्या तेलकट हातावर कपाळ घासत हमसाहमशी रडू लागला. "मला माफ करा अण्णा... माफ करा... लोक गाडीला भरवशाची म्हणत होते, आणि मी पण तेच म्हणत होतो!"

"उगी. डोळ्यात ग्रीस जाईल."

बाहेर ईरम्मा नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिला दिसत होते ते गाडीखालून बाहेर आलेले चार पाय, दोन अनवाणी, दोन बुटातले. गल्लीतली माणसं जमायला लागली होती. बऱ्याच वेळानं हुंदके थांबले आणि खालून धाकट्याचा आवाज आला.

"ह्यो कुठला सांधा, अण्णा?"

"त्यो कमानीचा. आदी पुसून घे, मग ग्रीस. असं न्हवं... बोटानं आत दाब."

"असं?"

"व्हय. आता बराबर."

ईरम्मा तिथंच धुळीत बसली आणि नातवाच्या पाठीवर डोकं टेकवून, इतक्या महिन्यांचं साठलेलं, मोकळ्यानं रडली.