काळ्या खडकावरची उडी

मेव्हिस क्रॉदर पहिल्या फेरीची व्हॅन घेऊन डोंगराच्या वळणांना लागली होती, तेवढ्यात वायरलेस खरखरला. क्लबचा अध्यक्ष डेस लोवेल बोलत होता. क्लाइव्ह स्टॅनेज काळ्या खडकाखाली पडलाय, सायकलचे दोन तुकडे झालेत, रुग्णवाहिका निघालीय, पण तू जवळ आहेस, तूच आधी पोच.

मेव्हिसचं वय एकाहत्तर. तीस वर्षं तिनं लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक हाकले होते. आता ती सायकलवाल्यांना सायकलींसकट डोंगरमाथ्यावर सोडायची. टिनफील्डमध्ये माणसं दोनशे, सायकली नऊशे, आणि न मोडलेलं हाड बघायचं तर पाळण्यातलं मूल गाठावं लागतं, असं ती सांगायची. तेव्हा कुणी पडणं ही तिथं बातमी नव्हती. क्लाइव्ह पडणं ही होती. त्या डोंगरावरच्या निम्म्या वाटा बावन्न वर्षांच्या या माणसानं स्वतःच्या फावड्यानं कोरलेल्या.

नेच्यांच्या झाडीत तो उताणा पडला होता. डावा खांदा धरलेला, चेहरा पांढराफटक. वर दीड पुरुष उंचीचा काळा खडक. सायकल चार हातांवर. हँडलखालची नळी फ्रेमपासून तुटून वेगळी झालेली.

"रोवेनाला विचार, किती लांब चिमटा बसवलाय तिनं," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

त्याला नेल्यावर मेव्हिस तिथंच रेंगाळली. सायकल उचलायची होती, हे निमित्त. तिनं सीट पाहिली. सीट पार वर होती, चढ चढताना ठेवतात तशी; उतरताना हँडलवरचं बटण दाबून ती खाली घेतात. मग पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या चिमट्याच्या चकचकीत दांडीवरची रबरी रिंग पाहिली. चिमटा दबला की ही रिंग वर ढकलली जाते आणि तिथंच घट्ट बसून राहते. किती जोराची धडक बसली ते नंतर तिच्यावरून कळतं. रिंग तळापासून जेमतेम अडीच बोटं वर होती. तुटलेल्या नळीची कड अर्धी लखलखीत होती, अर्धी काळपट. आणि खडकाच्या पायथ्याशी, चिखलात, दोन खोल खड्डे होते, बुटांच्या टाचांचे. शेजारी-शेजारी.

तिनं मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढले आणि तुकडे ट्रेलरवर चढवले.

दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं की दोषी रोवेना पायक. वाटांच्या पायथ्याशी क्लबची जी पत्र्याची शेड आहे, तीत रोवेनाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. नऊ वर्षं ती तिथं होती, मागच्या खोलीतच राहायची. शनिवारी क्लबची बैठक ठरली. दोष तिचा निघाला तर शेडची चावी परत.

मेव्हिस दुकानात गेली तेव्हा रोवेना चाकाच्या तारा ताणत होती.

"त्याच्या फ्रेमला किती लांब चिमटा चालतो?" मेव्हिसनं विचारलं.

"मूळचा एकशेचाळीस मिलिमीटर दबणारा. कंपनीच्या पुस्तकात जास्तीत जास्त एकशेपन्नास."

"तू बसवलास?"

"एकशेसाठ." रोवेनानं पाना खाली ठेवला. "दहा मिलिमीटर वर तर सगळेच जातात. सायकलचं तोंड वर उचललं जातं, हँडलखालच्या नळीवर जोर वाढतो, हे मलाही कळतं. पण त्यानं फ्रेम नाही तुटत. कागदावर मात्र मी चुकले, आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे."

"नळी तपासली होतीस?"

वरून तपासली होती, रोवेना म्हणाली. खाली दगड लागू नयेत म्हणून जाड प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली होती. ती सोलायला गेली तर क्लाइव्ह म्हणाला, असू दे, नवीन आहे. बुधवारी संध्याकाळी चिमटा बसवला. तो सायकलवर नुसता बसला, त्याच्या वजनानं चिमटा किती दबतो ते बघून तिनं चिमट्यात बेताची हवा भरली. रिंग अडीच बोटांवर आली, ठीक होती. मग तो सायकल हातानं ढकलत घरी गेला.

मेव्हिसनं मान डोलावली. पुढचा प्रश्न तिनं जरा थांबून विचारला. "तुझ्यावर त्याचा एवढा राग का?"

"त्याची 'मर्टल रन' वाट मी गाडली म्हणून. तीन हिवाळे खपून त्यानं ती केली होती. तिथल्या एका उडीवर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर, लोक हाडं मोडून घेत होते, तर क्लबनं ती सपाट करायला मला जेसीबी दिला."

"क्लबनं एक उडी सांगितली होती. तू अख्खी वाट उखडलीस."

रोवेनानं पुन्हा पाना उचलला. मेव्हिसनं पाहिलं, तिचा उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. त्याच उडीवर मोडलेला. तेव्हापासून तिची शर्यत बंद.

शुक्रवारी मेव्हिस क्लाइव्हच्या घरी मांसाचं पॅटिस घेऊन गेली. खांद्याचं हाड खरंच मोडलं होतं. डॉक्टरांचा कागद त्यानं टेबलावरच ठेवला होता, पाहुण्यांनी वाचावा असा.

"माझ्या व्हॅनमध्ये तू नव्हतास काल," ती म्हणाली.

"पायडल मारत गेलो."

"आणि उतरताना?"

"माथ्यापासून सुसाट. दगडांच्या पायऱ्यांवरून, मग काळ्या खडकावरून उडी. पुढच्या चाकावर उतरलो, फ्रेम तुटली, मी हँडलवरून डोक्यावर. बस, एवढंच." त्यानं पॅटिसचा घास घेतला. "झाली तुझी चौकशी, म्हातारे?"

झाली, असं मेव्हिसनं सांगितलं, आणि ती खरं बोलत होती.

शनिवारी सभागृहात सगळं गाव जमलं. डेसनं पुस्तक वाचलं, एकशेपन्नास आणि एकशेसाठ हे दोन आकडे मोठ्यानं म्हटले, आणि चावी मागायला हात पुढे केला. मेव्हिस उठून मधे उभी राहिली. सायकलचे तुकडे तिनं टेबलावर ठेवले.

"काळ्या खडकावरून सीट वर ठेवून इथं कोण उतरतं?" तिनं विचारलं.

कुणीच हात वर केला नाही. एकानं सांगितलं, तसं केलं तर सीटच माणसाला उडवेल. क्लाइव्ह म्हणाला, पडताना बटण दाबलं गेलं असेल, सीट वर आली असेल.

"असेल. सोडून देऊ सीट. ही रिंग बघा. बुधवारी रोवेनानं सोडली तिथंच आहे. दगडांच्या पायऱ्या उतरला असता तर ती निम्म्यावर गेली असती. खडकावरून पुढच्या चाकावर आपटला असता तर पार वर. म्हणजे हा चिमटा त्या सकाळी दबलाच नाही. क्लाइव्ह जुन्या ताठ सायकलींवर शिकलेला, रिंगकडे तो कधी बघत नाही. म्हणून ती वर सरकवायला विसरला."

"कुणीतरी सरकवली," क्लाइव्ह म्हणाला.

"मी तिथं पोचले तेव्हाचा फोटो आहे. आता नळी. ताजा तुटलेला धातू लखलखतो. ही कड अर्धी काळी आहे, आत धूळ आणि तेल मुरलंय. महिन्यांची जुनी चीर. ती पट्टीखाली होती. चीर तुला सापडली, मग तू रोवेनाकडून लांब चिमटा बसवून घेतलास. गुरुवारी सायकल ढकलत वर नेलीस, पुढचं चाक दोन दगडांत अडकवून फ्रेम पिळून तोडलीस, आणि तुकडे खाली फेकलेस."

सभागृहात कुजबुज झाली. डेसनं विचारलं, मग खांदा? डॉक्टर काय खोटं लिहितात?

"नाही. म्हणून तर मला दोन रात्री झोप नाही." मेव्हिसनं मोबाइल डेसच्या हातात दिला. "हँडलवरून डोक्यावर पडलेल्या माणसाच्या दोन्ही टाचा चिखलात इतक्या खोल कशा रुततात? शेजारी-शेजारी? हा पायांवर उतरला, डेस. पायांवर उतरून पुढे खांद्यावर कोसळला. नुसती सायकल तुटली तर लोक म्हणतील, नवीन घे. माणूस तुटला तर दुकान जातं. तेव्हा यानं सायकल फेकली आणि तिच्यामागून स्वतः उडी मारली."

सगळे क्लाइव्हकडे बघत होते. तो नाकारेल असं वाटलं. त्यानं फक्त झोळीतला हात सावरला.

"दोनदा मारली," तो म्हणाला. "पहिल्यांदा काहीच मोडलं नाही."

कुणी हसलं नाही. डेसनं त्याला डोंगरावर कायमची बंदी सांगितली, आणि रोवेनालाही सुनावलं: पुस्तकाबाहेर एक मिलिमीटर नाही. चावी तिच्याकडेच राहिली. क्लाइव्ह म्हणाला, बंदी कशावर? माझी वाट तर हिनं तीन वर्षांपूर्वीच पुरली. रोवेना सभेत पहिल्यांदाच बोलली. एकच उडी पुरायची होती, ती म्हणाली, बाकीची मी माझ्यासाठी पुरली, आणि पुरताना गाणं म्हणत होते.

पाऊस लागला होता आणि खालच्या रस्त्याला जाणारी गाडी एकच, मेव्हिसची. दोघं मागे बसले, मधे एक रिकामी जागा. आरशात मेव्हिसला दिसत होतं: एकानं डावा हात पोटाशी धरलेला, दुसरीनं उजवा, आणि दोघंही आपापल्या काचेबाहेर बघत होते.

पुलापाशी क्लाइव्ह बोलला. "उजवा खांदा अजून शिल्लक आहे माझा."

"मोड," रोवेना म्हणाली. "सोमवारी आठला दुकान उघडतं."