कठड्याकडचं वजन

चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढून ती थेट दादाच्या गच्चीवर आली, ती निव्वळ एका फोटोसाठी. भुताखेतांशी तिला काही घेणं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दादाने दुर्बिणीचा माउंट, म्हणजे आकाशाच्या गतीने नळी फिरवणारं यंत्र, स्वतः कानशीने घासून घासून बनवला होता. गेल्या थंडीत तोच दादा या गच्चीच्या कठड्यावरून खाली पडला आणि गेला. अंधारात वायरीत पाय अडकला असेल, असं सगळे म्हणाले. जीव टाकून टिपायला घेतलेल्या तेजोमेघाचा फोटो राहिला, कारण तारे गोल येईचनात. तांदळासारखे लांबोळे यायचे. भेटायला आलेले आकाशदर्शन क्लबचे सेक्रेटरी वहिनीसमोरच म्हणाले होते, "हौशी हाताचं काम हो. रेघोट्याच येणार." आणि आता सकाळी तेच सेक्रेटरी सुट्या भागांसाठी माउंट खोलून न्यायला येणार होते.

"न्या की," चष्मेवाली मनात म्हणाली, "पण आधी तुमच्या नाकावर टिच्चून गोल तारे दाखवते."

वहिनी जिन्याच्या दारातच थांबली. गच्चीवर ती पाऊल टाकत नसे.

"ताई, राहू द्या ना. हेसुद्धा शेवटी शेवटी असंच करायचे. म्हणायचे, यंत्रात खोट नाही... कुणीतरी टेकतंय."

"टेकतंय? कोण?"

"ते नाही बोलले..."

"मग मी विचारते त्याला. तुम्ही झोपा जा."

तिने लॅपटॉप उघडला. मोठ्या नळीवरची छोटी दुर्बीण एका ताऱ्यावर डोळा ठेवून असते. तारा जरा ढळला की मोटर माउंटला सावरते आणि त्याचा आलेख पडद्यावर सरकत राहतो. रेघ सपाट, तर तारे गोल. एवढं सरळ गणित.

रेघ सपाट होती. मग ती हळूहळू खाली बसत गेली, कुणी नळीवर कोपर टेकावं तशी. थोड्या वेळाने सुटली. पुन्हा बसली.

लोंबकळणारी वायर तिने नळीला आवळून बांधली. दातेरी चाकांमधली फट तपासली. ध्रुवाकडचा रोख पुन्हा जुळवला. वारा म्हणावं तर दोरीवरचा रुमालही हलत नव्हता. सगळं करून ती पडद्यासमोर बसली, आणि ये रे माझ्या मागल्या! रेघ बसली. मोटर बारीक कण्हली.

दर वेळी एकच बाजू. कठड्याकडची. नळीचं ते टोक कठड्याच्याही पलीकडे गेलेलं होतं, आणि पलीकडे उभं राहायला काही नव्हतंच. नुसती पोकळी, आणि खूप खाली रस्ता.

"दादा?" तिने हळूच विचारलं.

रेघ जागची हलली नाही. वास मात्र आला... वर्षानुवर्षं बंद असलेली पत्र्याची ट्रंक उघडल्यासारखा. दादाच्या अंगाला कायम ग्रीसचा वास यायचा. हा तो नव्हता.

तिला पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोला? पण मग तिला दादाची सोललेली बोटं आठवली, ते 'हौशी हाताचं काम' आठवलं, आणि भीतीपेक्षा राग वर आला.

"कोण आहेस ते तुझं तू जाण," ती दातओठ खात म्हणाली. "पण माझ्या दादाच्या कामाला बट्टा लागू देणार नाही मी. टेकायचंय ना? मग नीट टेकून राहा. ही ये-जा चालायची नाही."

नळीला तोल द्यायला दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर लोखंडी वजन असतं. रेघ बसलेली असतानाच तिने त्याचा स्क्रू सैल केला आणि वजन बाहेर, अगदी टोकापर्यंत सरकवलं. पलीकडच्याचा भार तोलला गेला. मोटरचं कण्हणं थांबलं. रेघ सपाट झाली आणि उजाडेपर्यंत सपाटच राहिली.

सकाळी सेक्रेटरींनी फोटो पाहिला. तारे मोहरीसारखे गोल. काहीतरी खोड काढायची म्हणून म्हणाले, "पण वजन एवढं बाहेर? तोल पार चुकलाय, मॅडम." आणि त्यांनी दांडा अडवून धरणारी माउंटची पकड सैल केली.

वजन धाडकन खाली यायला हवं होतं. आलं नाही. भर उन्हात, कुणाचा हात नसताना, दांडा आडवाच्या आडवा.

मग तो सावकाश खाली झुकला आणि नळी वर गेली. टेकलेलं कोपर कुणी उचललं होतं.

"ताई," वहिनी दारातून म्हणाली, "अशा वाकड्या का हो उभ्या तुम्ही?"

चष्मेवालीचा डावा खांदा खाली गेला होता. नाकात ट्रंकेचा वास. डाव्या हाताला एका पावलावर कठडा, आणि तोल तिकडेच चाललेला. दादा कसा पडला ते तिला त्या क्षणी कळलं.

पण पाय रोवून ती उभी राहिली. सेक्रेटरींना नळी धरायला लावून तिने दांड्यावरचं वजन काढलं, पिशवीत टाकलं, पिशवी उजव्या खांद्याला अडकवली आणि सरळ झाली.

"माउंट इथेच राहील," ती सेक्रेटरींना म्हणाली. "हौशी हाताचं काम आहे, तुम्हाला झेपायचं नाही."

आजही ती दुकानात येते ती उजव्या खांद्यावर ती जड पिशवी घेऊनच. कुणी भल्या मनाने धरू का म्हणालं तर हसते. "नको बाबा. एकीकडचं काढलं तर दुसरीकडचं आवरायचं नाही." आणि ताठ चालत जाते. डाव्या खांद्यावर तिचा स्वेटर मात्र जरासा दबलेला असतो. कोपराएवढाच.