बाहेरून कडी

दापोडीची भाड्याची खोली सोडून स्वरूपा आणि धनेशनं चाकणच्या पुढे दीड गुंठा जागा घेतली. हातात जे उरलं त्यात भिंती झाल्या, पत्रे झाले, दरवाजा तेवढा राहिला. म्हणून एका रविवारी दोघं चिखलीच्या भंगारात दरवाजा शोधायला गेले.

तिथल्या भैरूनं ढिगातून एक सागाचा दरवाजा ओढून काढला. "म्हातारीच्या घराचा हाय, ताई. ती गेली, पोरांनी घर पाडलं. दिवेलागणीला ही कडी लावायची, मग आभाळ कोसळलं तरी काढायची न्हाई. हात लावून बघा की."

कडी जाडजूड, धरून धरून गुळगुळीत झालेली. स्वरूपाच्या बोटांना मशेरीचा वास लागला. तिनं बोटं ओढणीला पुसली.

मिस्त्री परवडणार नव्हता, तेव्हा दरवाजा घरीच बसवला. धनेश कंपनीत क्वालिटीला, केसाइतका फरक दिसला तरी पार्ट परत पाठवणारा. पण त्या दिवशी हुकूम चालला स्वरूपाचा. दरवाजाची आतली बाजू हिरवीगार, बाहेरची उन्हापावसानं खाल्लेली.

"चांगली बाजू रस्त्याला येऊ दे," ती म्हणाली. "लोकांना दिसायला नको?"

लोकांना हिरवा रंग दिसला, आणि आतली कडी बाहेर आलेलीही दिसली. शेजारच्या शालनबाई मुद्दाम बघून गेल्या. "घरच्यांना कोंडायचा इचार हाय व्हय गं?"

स्वरूपा हसली. दुसरं करणार काय? आतून एक स्वस्तातला बोल्ट ठोकला आणि विषय मिटवला.

पण घर आपलं होतं. पॅकिंगच्या फळ्यांचा खुराडा झाला, त्यात सहा गावरान कोंबड्या आल्या, मागं मेथी उगवली. सात वर्षांच्या साक्षीकडं काम एकच, दिवे लागले की खुराडा बंद करायचा. रोज अनवाणी पळायची पोरगी.

माघातली संध्याकाळ होती. धनेशला ओव्हरटाइम. शेजारचा ऊस अर्धा तोडून झालेला. वीज गेली, स्वरूपा मेणबत्ती शोधायला लागली, आणि बाहेरचे रातकिडे एकाएकी गप्प झाले.

"आई, खुराडा राहिला," म्हणत साक्षीनं बोल्ट काढला आणि दार ओढलं. हललं नाही. "आई... बाहेरून लावलंय कुणीतरी."

"शालनबाई, तुम्ही आहात का?"

फटीतून वास आला, तव्यावर मशेरी भाजल्याचा, अगदी ताजा. मग दाराच्या पलीकडून, कानाशी बोलावं तसा दबका आवाज आला. "आत ऱ्हा, बाई... लेकराला घिऊन आत ऱ्हा."

पाठोपाठ भिंतीला काहीतरी जड, मऊ घासत गेलं. उग्र, कुबट वास आला. दार बाहेरून रेटलं गेलं. आतला बोल्ट उघडाच होता. फळ्या करकरल्या. धरून ठेवलं ते फक्त त्या बाहेरच्या कडीनं. स्वरूपानं साक्षीचं तोंड पदराखाली धरावं तसं ओढणीत दाबून धरलं.

धनेश आला तेव्हा कडी लावलेलीच होती. मोबाईलच्या उजेडात मेथीच्या ओल्या वाफ्यात बिबट्याचे पंजे उमटलेले, थेट उंबऱ्यापर्यंत. दोन कोंबड्या गेल्या होत्या. माणसाचं पाऊल मात्र एकही नव्हतं.

वनखात्यानं पिंजरा लावला, चौथ्या दिवशी बिबट्या सापडला. स्वरूपा रोज संध्याकाळी डबीच्या झाकणात चिमूटभर मशेरी काढून बाहेर उंबऱ्याशी ठेवायला लागली. स्वतःचं स्वतःलाच हसू यायचं तिला, पण ठेवायची. तिची पोरगी घरात गृहपाठ करत होती, आणखी काय पाहिजे होतं? एक गोष्ट मात्र खात राहिली.

"आपण त्या आजींना त्यांच्याच दाराबाहेर उभं केलंय," ती धनेशला म्हणाली. "माझ्या त्या हिरव्या रंगापायी. थंडीवाऱ्यात."

धनेशनं तिच्याकडं बघितलं, चेष्टा करणार होता, केली नाही. रविवारी दोघांनी दार सुलटं केलं. कडी आत आली. स्वरूपानं मशेरीचं झाकण चुलीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "या, आजी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती कडी लावायला गेली, तर लागलेली होती. साक्षी पुस्तकात डोकं घालून बसलेली. स्वयंपाकघरातून तोच वास येत होता. स्वरूपाला भीती वाटली नाही. उलट दिवसभराचा शीण गेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"स्वरूपा, उघड गं." धनेशचा आवाज.

तिनं कडी ओढली. निघेना. दोन्ही हात लावले. लोखंड गरम होतं, कुणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखं.

"आजी, सोडा," ती हसत कुजबुजली. "घरचंच माणूस आहे."

"स्वरूपा... उघड."

कट्ट्यावर तिचा मोबाईल वाजला. साक्षीनं उचलला, स्पीकरवर टाकला.

"अगं, चाकण चौकात अडकलोय," धनेश म्हणाला. मागं हॉर्नचा कल्लोळ चालला होता. "तासभर तरी लागेल. जेवून घ्या तुम्ही."

बाहेर थाप पुन्हा पडली, या वेळी खालच्या बाजूला, साक्षीच्या उंचीवर.

स्वरूपानं कडीवरचे हात अलगद काढून घेतले.

"आजी," ती म्हणाली, "धरून ठेवा."