सोन्याचा टाक

आखातातल्या गुदैबियात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सत्यवतीला कशाची ददात नव्हती. नव्हते ते देवघरातले टाक. रिवाजाप्रमाणे ते मालवणला थोरल्या दिरांकडे राहिले होते, आणि कुलदेवीवाचून तिला आपलं भरलं घर उघडंबोडकं वाटे. म्हणून १९७८च्या एका गुरुवारी तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, खिशातून एक नाणं काढलं, तेव्हा तिला हर्षाचं भरतं आलं. दत्ताराम तेव्हा जनाबियाला एका बंगल्याच्या पायाची माती ट्रकने वाहत होता.

"गो, बघ काय गावला. मातयेत होता."

पातळ, पिवळंजर्द सोनं. एका बाजूला मुकुटातली बाई. मुकुटावरून दोन्ही कानांशी मोत्यांच्या सरी लोंबत होत्या. दुसऱ्या बाजूला मिसरूड न फुटलेला मुलगा. कडेची अक्षरं दोघांनाही वाचता येईनात.

"भगवती ती," सत्यवती म्हणाली. "आणि मागे तिचो झील. आपसून घराक इली."

दुधाने धुऊन, बाईची बाजू वर ठेवून तिने तो टाक देव्हाऱ्यात मांडला. रोज सकाळी अभिषेक करायचा आणि ते तीर्थ दोन बोटांनी शैलूच्या डोळ्यांना लावायचं. शैलू म्हणजे तिचा एकुलता एक शैलेंद्र, सात वर्षांचा. तिच्या आईनेही तिला तीर्थ असंच लावलं होतं.

उन्हाळा चढला. खिडकीतला एसी दिवसभर घरघरू लागला. एक दिवस शैलू शाळेतून येऊन म्हणाला, "मम्मी, आय कान्ट सी द बोर्ड." मराठी त्याला सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीतच येई. पुढे तो जिन्यात अडखळू लागला. मग ताटातली भाजी त्याला चाचपून शोधावी लागे.

डॉक्टर खदिजाने बॅटरी मारून डोळे पुन्हापुन्हा तपासले. "आँख में मफी मुश्किल," ती म्हणाली. डोळ्यांत काही दोष नाही म्हणे, पण सत्यवतीकडे बघायचं तिने टाळलं.

सत्यवतीने हाय खाल्ली. देवीशिवाय कुणाच्या पायाशी जायचं? ती सकाळसंध्याकाळ तीर्थ लावू लागली. शैलू मान फिरवी, तर ती त्याची हनुवटी धरून लावी.

एकदा पुसताना तिने टाक उलटला. मुलाचे डोळे सपाट झाले होते. आपलंच घासणं नडलं, असं तिला वाटलं. पण पुढच्या खेपेला तोंडच नव्हतं, आणि कानांशी मोत्यांच्या सरी उमटू लागल्या होत्या. घासून सोनं झिजतं. त्यावर मोती कसे येतील?

शैलूचं शाळेत जाणं थांबलं. त्याचं दप्तर पोचवायला इतिहासाचे जमालुद्दीन सर एका दुपारी घरी आले. देव्हाऱ्याकडे त्यांची नजर गेली.

"भाभी, ये तो रूम का सिक्का है. बायज़ंटाइन."

त्यांनी आपल्या संथ हिंदीत सांगितलं. ही कॉन्स्टँटिनोपलची राणी आयरीन. नवरा गेल्यावर पोराच्या नावाने राज्य चालवलं. पोर मोठं झालं, आड येऊ लागलं. मग तिच्या माणसांनी त्याचे डोळे काढले, ज्या खोलीत तो जन्मला त्याच खोलीत. नंतरच्या नाण्यांवर दोन्ही बाजूंना ती एकटीच असते.

बोलता बोलता त्यांनी नाणं उलटलं. थोडा वेळ बघत राहिले. मग ते खाली ठेवून त्यांनी हात पँटला पुसले, आणि चहा न घेताच निघाले.

सत्यवती देव्हाऱ्यापासून मागे सरली. शैलू याच खोलीत जन्मला होता. गाडी वेळेत आली नव्हती. आणि मी? मी हनुवटी धरून... तिला स्वतःच्या बोटांची शिसारी आली.

"समुद्रात टाकून येवा तां," दत्ताराम आल्या आल्या ती म्हणाली. "आताच्या आता! माझ्या झिलाचे डोळे घेतल्यान तिना!"

दत्ताराम उलट्या पावली गेला. मुहर्रकच्या पुलावर मधोमध ट्रक थांबवून त्याने नाणं भिरकावलं, आणि ते बुडताना डोळ्यांनी बघून परत आला.

दुसऱ्या सकाळी तिने तीर्थ केलं नाही. बऱ्याच दिवसांनी तिला हायसं वाटलं. शैलूला आवडतात म्हणून तिने पुऱ्यांची कणीक मळायला घेतली.

"मम्मी," खोलीतून हाक आली. "प्लीज, पुरे."

तो कधी नव्हे ते मराठीत बोलला होता.

ती दारात आली. दोन्ही हात कणकेने भरलेले. शैलू पलंगावर उताणा होता. हनुवटी वर उचललेली, ताठ.

"मम्मी, हात काढ ना. दुखतंय."

"मी हय आसय रे! हय, दारात!"

तो हळूच रडू लागला.

ती धावली. कणकेच्या हातांनीच तिने त्याचे डोळे झाकून धरले.

तिच्या तळव्यांखाली पापण्या लागल्या नाहीत. तिथे आधीच कुणाची तरी गार बोटं होती.