पॉपआजोबांचा ट्रक आणि जेरेनियमची रोपं

"हेही तडकलेलंच!" पॉपआजोबांनी पाना अंगणात भिरकावला. कोंबड्या कलकलत पळाल्या.

सुट्टी लागल्यापासून ब्रॉन, तिचा भाऊ क्लेम आणि शेजारची टिली आजोबांबरोबर इंजिन शोधत हिंडत होती. त्यांच्या जुन्या पिकअप ट्रकला त्याच जातीचं, सहा सिलिंडरचं राखाडी इंजिन हवं होतं. एक मिळालं ते गंजून घट्ट बसलेलं, दुसरं भलत्याच गाडीचं आणि आजचं हे असं! भर उन्हात, माश्या हाकलत आणलं होतं बिचाऱ्यांनी!

"डॅड, पुरे आता," डेस अंकल कुंपणाला टेकून म्हणाले. हे आजोबांचे चिरंजीव, गावच्या क्रिकेट क्लबचे चिटणीस आणि पक्के 'बघू सावकाश'वाले! "रविवारी दुपारी हॉटेलवाला ट्रक ओढून नेईल. मी शब्द दिलाय. मागच्या हौद्यात जेरेनियमची फुलझाडं लावणार आहे तो. हॉटेलसमोर झक्क दिसेल!"

"माझ्या ट्रकची कुंडी?" पॉप कडाडले. "मेंढ्या कातरून कमावलेल्या पैशांतून घेतलाय तो! तुझ्या आईला त्यातूनच घरी आणलं मी!" आणि ते धाडकन दार लावून बंद ट्रकमध्येच जाऊन बसले.

मुलांचं डोकं तापलं. धुसफुसत ती क्रिकेटच्या मैदानावर गेली. तिथे पत्र्याच्या खोपटात पाण्याचा पंप खडखडत होता.

"तू तरी गप बस ना रे!" टिलीने खोपटाला लाथ हाणली. एक पत्रा निखळून पडला.

"ब्रॉन, हे बघ!" क्लेम ओरडला. पट्ट्याने पंप फिरवत होतं एक तेलकट, राखाडी इंजिन. सहा सिलिंडरचं!

तिघं धापा टाकत परतली. "पॉप! मैदानावर इंजिन आहे!"

"तो पंप आहे," पॉप वैतागून म्हणाले. "मीच बसवलाय. एका मोडक्या ट्रकमधून काढून..." ते एकदम थांबले. "अरेच्चा!"

इंजिन एकदा पंपाला जोडलं की सगळं गाव त्याला पंपच म्हणायचं. बसवणारासुद्धा!

डेस अंकलनी मात्र नकारार्थी मान हलवली. "ते काढलं तर मैदान वाळेल की! क्लबने विजेचा पंप घेतलाय, पण बसवायला श्रमदान ठरवावं लागेल."

"कुठाय तो पंप?" ब्रॉनने विचारलं.

"माझ्या शेडमध्ये. गेल्या उन्हाळ्यापासून. बघू सावकाश."

खोकं फोडलेलंसुद्धा नव्हतं! त्यावर मांजर व्यायली होती.

"श्रमदानाला लागतं तरी काय?" ब्रॉन दात-ओठ खात म्हणाली.

"ठरलेला दिवस आणि खायला सॉसेज!" टिली म्हणाली.

मग तिघांनी फोनचा सपाटा लावला. "रविवारी सकाळी मैदानावर श्रमदान! हत्यारं आणा, खायला काहीतरी आणा!" कोणी बोलावलं, हे कोणीच विचारलं नाही. "चला, डेसला जाग आली एकदाची!" असंच जो तो म्हणाला.

रविवारी गाड्यांच्या आवाजाने डेस अंकल दाढी न करताच धावत आले. वायरमनने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास डेस!"

अंकलनी मुलांकडे पाहिलं. तिघं अगदी गंभीर चेहऱ्याने सॉसेज परतत होती.

"हो... म्हणजे... केव्हापासून ठरवतच होतो मी," अंकल पुटपुटले.

दुपारी नव्या पंपाने पाणी उडवलं. ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या ट्रकमध्ये साखळीने इंजिन उतरवलं. तेवढ्यात हॉटेलवाला रोपं घेऊन हजर!

पॉपनी किल्ली फिरवली. खर्रर्र... गप्प! पुन्हा गप्प! "छे!" त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. ब्रॉनला रडूच फुटणार होतं.

तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडू लागलं! सगळं मैदान ओरडलं.

"आता या रोपांचं काय करू?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"त्या रिकाम्या खोपटाजवळ लावू," डेस अंकल म्हणाले. "बघू साव..."

"आत्ता!" तिघं एका सुरात ओरडली. हसत हसत अंकलनी फावडं उचललं. "पोरांनी मला पुरतं गुंडाळलं! पण काम फत्ते केलं हं!"

टिली आणि क्लेम हौद्यात चढू लागली.

"मागे नाही," पॉप म्हणाले आणि शेजारचं दार उघडलं. "पुढे बसा तिघं. दाटीवाटीने."

"पण पॉप, ती तर आजीची जागा," ब्रॉन हळूच म्हणाली. आजी गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं.

"म्हणूनच," पॉप म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. फाटकाबाहेर पडल्यावर ते समोर बघतच बोलले, "वाईट नाही केलंत, पोरांनो."

याहून मोठी शाबासकी पॉपआजोबांनी आजवर कोणालाच दिली नव्हती.